‘किंवा अन्य प्रकारे’ : अशिक्षणीय ठरलेल्या मुलांच्या घरच्या शाळेचा इतिहास

१९६७ साली इंग्लंडमध्ये ‘द वर्ल्ड ऑफ नायजेल हंट’ नावाचे एक छोटेखानी आत्मकथन प्रसिद्ध झाले. लेखकाचा जन्म १९४७चा, म्हणजे त्या वेळी तो वीस वर्षांच्या आसपासचा. प्रवास, आवडती गाणी, आई-वडील, वाटेत भेटलेली माणसे एवढाच त्याचा ऐवज. वाङ्मयीन निकष काटेकोरपणे लावले तर हाती फार काही लागेल असे नाही. तरीही वैद्यक आणि शिक्षणशास्त्र या दोन्ही क्षेत्रांनी त्याची नोंद घेतली. कारण नायजेल हंट हा डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेला होता. अशा व्यक्तीने स्वतः लिहिलेल्या आत्मकथनांत हे पहिल्या काही पुस्तकांपैकी एक होय. पुस्तकाचा मजकूर त्याने स्वतः टंकयंत्रावर उतरवला. त्याला प्रस्तावना लिहिली ती लायनेल पेनरोझ या ख्यातनाम आनुवंशशास्त्रज्ञाने. आणि लेखकाला अक्षरओळख करून दिली होती ती त्याच्या आईने, ग्रेस हंट यांनी, घरी.

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आम्हांस एका प्रश्नापाशी नेहमी थांबावे लागते. हे लिहिणाऱ्या व्यक्तीला लिहिण्याइतके शिक्षण मिळाले कसे? रमाबाई रानडे काय किंवा लक्ष्मीबाई टिळक काय, दोघींचेही अक्षरशिक्षण विवाहानंतर घरातच झाले. ‘हिला शिकवून उपयोग काय?’ हा प्रश्न त्या काळच्या समाजाने निःशंकपणे विचारला होता, आणि त्याचे उत्तर पुढे त्यांच्या पुस्तकांनी दिले. नायजेल हंटच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठोर होता. त्याला शिकवणे निरुपयोगी आहे असे नव्हे, तर अशक्य आहे असेच तज्ज्ञांचे म्हणणे होते. हा निष्कर्ष आला कोठून आणि तो खोडून कोणी काढला, याचा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रारंभ जॉन लँगडन डाऊन यांच्यापासून करावा लागेल. १८५८ मध्ये ते लंडनच्या दक्षिणेस असलेल्या अर्ल्सवुड येथील आश्रयगृहाचे वैद्यकीय अधीक्षक झाले. बौद्धिक अक्षमता असलेली शेकडो माणसे तेथे राहत. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी या माणसांचे चेहरेपट्टीवरून वांशिक वर्गीकरण करण्याचा प्रयत्न केला. एका गटाचे साम्य त्यांना मंगोल वंशाशी दिसले, आणि त्यातून रूढ झालेले नाव पुढे सुमारे शंभर वर्षे या मुलांना चिकटून राहिले. हे वर्गीकरण शास्त्रदृष्ट्या चुकीचे होते आणि आज ते अपमानास्पद वाटते, यात वाद नाही.

परंतु त्याच निबंधातील दुसरा भाग सहसा कोणी वाचत नाही. या मुलांचे उच्चार अस्पष्ट असतात, पण जिभेच्या पद्धतशीर व्यायामाने त्यांत पुष्कळ सुधारणा होते, असे डाऊन यांनी तेथे नोंदवले आहे. त्यांची अनुकरणशक्ती चांगली असते आणि शिक्षणाने होणारी त्यांची प्रगती अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक असते, असाही त्यांचा अभिप्राय आहे. १८६८ मध्ये त्यांनी पत्नी मेरी यांच्यासह नॉर्मन्सफील्ड ही स्वतःची निवासी संस्था काढली. तेथे १८७९ मध्ये मुलांसाठी एक नाट्यगृहही उभे राहिले. म्हणजे ज्या निबंधाने या मुलांना चुकीचे नाव दिले, त्याच निबंधाने ती शिकू शकतात हेही सांगितले होते. पुढच्या पिढ्यांनी त्यातले नाव तेवढे उचलले.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन गोष्टी घडल्या. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. कोणत्या मुलाला अधिक साहाय्य हवे ते ओळखणे, हा बिने यांचा मूळ हेतू होता. दुसरीकडे ‘निकृष्ट’ माणसांमुळे समाजाचा ऱ्हास होतो, या सुप्रजननवादी विचाराचा जोर वाढत होता. १९१३ च्या ब्रिटिश कायद्याने बौद्धिक न्यूनतेच्या पायऱ्या पाडल्या आणि ज्यांस आज कोणी तोंडावर उच्चारणार नाही असे शब्द कायद्याच्या परिभाषेत आणले. साहाय्याची गरज ओळखण्यासाठी आखलेली कसोटी अशा रीतीने चाळणी बनली. बुद्ध्यंक साधारण पन्नासच्या खाली आला की मूल ‘अशिक्षणीय’.

१९४४ चा इंग्लंड-वेल्सचा शिक्षण कायदा हा आधुनिक शिक्षणाच्या इतिहासातील मोठा टप्पा मानला जातो, आणि ते योग्यच आहे. त्याने माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी खुले केले. या कायद्यातील दोन कलमे मात्र एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम ३६ अन्वये मुलाला त्याचे वय, कुवत आणि कल यांस साजेसे पूर्णवेळ शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकांवर आले. हे शिक्षण शाळेत नियमित पाठवून ‘किंवा अन्य प्रकारे’ द्यावे, असे कलम सांगते. या दोन-तीन शब्दांवर त्या देशातील गृहशिक्षणाची सारी इमारत उभी आहे. १९७७ मध्ये तेथे घरी शिकवणाऱ्या पालकांची संघटना निघाली, तेव्हा तिने आपले नावही याच शब्दांवरून घेतले.

कलम ५७ वेगळ्याच सुरात बोलते. शाळेत शिक्षण घेण्यास जे मूल मनाच्या अक्षमतेमुळे असमर्थ ठरेल, त्याची नोंद शिक्षण खात्याने दुसऱ्या प्राधिकरणाकडे करावी, अशी त्याची तरतूद होती. मूल शिक्षण खात्याच्या वहीतून निघे आणि मानसिक आरोग्याच्या वहीत जाई. पुढे एखादे प्रशिक्षण केंद्र, मोठे रुग्णालय, किंवा नुसते घर. सर्वांना शिक्षण देणाऱ्या कायद्यानेच ‘सर्व’ या शब्दाची हद्द आखून दिली होती. घरी शिकवण्याची मुभा एका हाताने द्यायची आणि शिकवण्याजोगे काही नाहीच असे दुसऱ्या हाताने लिहून द्यायचे, असा हा प्रकार होता. या तरतुदीविरुद्ध पालकांनाच उभे राहावे लागले. १९४६ मध्ये ज्यूडी फ्रायड या मातेने अशा पालकांची संघटना स्थापन केली. हीच पुढे मेनकॅप या नावाने प्रसिद्ध झाली.

नायजेल हंटचा जन्म या वातावरणातला. तुम्ही कितीही प्रेम केलेत, कितीही काळजी घेतलीत, तरी हा मूढच राहणार, असे एका मान्यवर तज्ज्ञाने त्याच्या आई-वडिलांना सांगितल्याचे वडील डग्लस हंट यांनी लिहून ठेवले आहे. ग्रेस हंट यांनी हा निर्णय मानला नाही. मुलगा लहान असतानाच त्यांनी त्याला अक्षरांच्या ध्वनींवरून शब्द जुळवायला शिकवले. आपल्याकडे ‘क’ या अक्षराचे नाव ‘क’ आणि ध्वनीही ‘क’च, त्यामुळे यात विशेष ते काय, असे मराठी वाचकास वाटेल. इंग्रजीत मात्र अक्षराचे नाव ‘सी’ आणि ध्वनी ‘क’ किंवा ‘स’. हा गोंधळ टाळून थेट ध्वनीपाशी नेणे, आणि तेही अभ्यासाचा ताण न देता खेळाच्या ओघात, ही त्या माउलीची रीत होती. मुलगा वाचू लागला. पुढे तो वडिलांच्या टंकयंत्रावर बोटे चालवू लागला.

अशीच एक कथा अटलांटिकच्या पलीकडेही घडली होती. मे सीगो या अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ मध्ये पॉल स्कॉट या डाऊन सिंड्रोम असलेल्या गृहस्थाचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याला शिकवण्यासाठी वडिलांनी खासगी शिक्षिका ठेवली, त्याला देशोदेशी हिंडवले, आणि त्याने अनेक वर्षे दैनंदिनी लिहिली. त्याच दैनंदिनीच्या आधारे हे चरित्र उभे आहे.

या दोन्ही उदाहरणांकडे पाहताना भाबडेपणा उपयोगाचा नाही. स्कॉट यांचे घर संपन्न होते, तर डग्लस हंट स्वतः शिक्षक होते. ग्रंथ, टंकयंत्र, वेळ आणि तज्ज्ञाच्या शब्दावर शंका घेण्याचे धैर्य या चारही गोष्टी एकाच घरात असणे हा योग दुर्मीळ होय. शिवाय, मजकूर खरोखर मुलाचाच कशावरून, हा संशयही अशा लेखनाभोवती घोटाळत राहतो. आम्हांस त्याचे आश्चर्य वाटत नाही. दुर्बल मानलेल्या माणसाने काही लिहिले की त्यामागे दुसऱ्या कोणाचा हात शोधणे, ही समीक्षेचीही जुनी सवय आहे. पण टंकयंत्रावर बोटे फिरवणारा मुलगा घरच्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि पेनरोझ यांच्यासारख्या संशोधकाने त्या पुस्तकापाठीमागे आपले नाव उभे केले, हे दुर्लक्षिता येत नाही.

दरम्यान विज्ञानही पुढे सरकले होते. १९५९ मध्ये फ्रान्समधील जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्यूर्पाँ यांच्या संशोधनातून या स्थितीचे कारण स्पष्ट झाले. गुणसूत्र क्रमांक २१ च्या दोन प्रतींऐवजी तीन प्रती असतात, एवढाच तो भेद. वंशाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. १९६१ मध्ये पेनरोझ यांच्यासह एकोणीस शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पत्र लिहून जुने नाव टाकून द्यावे, असे सुचवले. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही ते नाव सोडले. तरी १९६७ च्या या पुस्तकाच्या उपशीर्षकात तेच नाव छापलेले आहे. लेखकाने स्वतःचे जग स्वतःच्या शब्दांत मांडले. मुखपृष्ठावर त्याची ओळख मात्र जुन्याच शब्दाने करून दिली गेली.

१९७० मध्ये नवा कायदा झाला. १ एप्रिल १९७१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कोणतेही मूल ‘शाळेत शिकवण्यास अयोग्य’ ठरवता येईनासे झाले. म्हणजे नायजेलचे पुस्तक छापून चार वर्षे झाल्यावर त्याच्यासारख्या मुलांना शाळेचा कायदेशीर हक्क मिळाला. घरचा अनुभव विद्यापीठापर्यंत पोहोचला तोही पुढच्या काही वर्षांत. लेस्ली डफेन या पित्याने आपली मुलगी सेरा हिला अगदी लहान वयात शब्दांच्या चिठ्ठ्या दाखवून वाचायला शिकवले होते आणि तिचे बोलणे वाचनातूनच सुधारले, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांचा हा अनुभव पोर्ट्स्मथ येथील मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांच्यापर्यंत पोहोचला आणि १९८० पासून तेथे त्यावर संशोधन सुरू झाले. या मुलांची ऐकलेले लक्षात ठेवण्याची शक्ती तुलनेने कमी आणि पाहिलेले लक्षात ठेवण्याची अधिक असते. त्यामुळे छापलेला शब्द त्यांना बोलण्याकडे नेणारी वाट ठरू शकतो. ग्रेस हंट यांनी ध्वनीची वाट धरली, डफेन यांनी अख्ख्या शब्दाची. आधी बोलता येऊ दे, मग वाचनाचे पाहू, हा तज्ज्ञांचा क्रम मानून ते दोघेही थांबले नाहीत.

या इतिहासाचा एक धागा मुंबईत येऊन मिळतो, आणि तोही नेमका १९४४ याच सालाशी. त्या वर्षी जय आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या कन्येसाठी शाळा मिळेना म्हणून स्वतःच्या घरीच वर्ग सुरू केला. त्यातूनच शिवडी येथील जय वकील शाळा उभी राहिली. लंडनमध्ये कलम ५७ मंजूर होत होते, त्याच वर्षी मुंबईतील एका घराने आपले दार इतरांच्या मुलांसाठी उघडले होते. हंट यांची शाळा एका मुलापुरती राहिली. वकिलांच्या घरची शाळा संस्था झाली. आमच्या मते दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक आहे.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. ‘पर्याय’ हा येथे महत्त्वाचा शब्द. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु ‘आमच्याकडे सोय नाही, तुम्ही घरीच बघा’ हे वाक्य मुख्याध्यापकांच्या खोलीतून ऐकून आलेले पालक आमच्या परिचयात आहेत. त्या वाक्यात कलम ३६ ची भाषा असते आणि कलम ५७ चा आशय.

मतिमंद, गतिमंद, विशेष, दिव्यांग असे शब्द आपण मराठीतही बदलत आलो. शब्द बदलणे गरजेचेच होते. पण शब्दाबरोबर वही बदलली का, मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर आले का, हे विचारल्याशिवाय त्या बदलाचे मोल ठरत नाही. ज्या पालकांना शाळेचे दार उघडे असूनही घरी शिकवावेसे वाटते, त्यांच्या निर्णयाचा आम्हांस आदर आहे. ज्यांना दार बंद मिळाल्यामुळे घरी शिकवावे लागते, त्यांच्या कष्टांचे नुसते कौतुक करून चालणार नाही. ग्रेस हंट यांना आपण आदर्श माता म्हणून गौरवतो, तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. शिकवण्याची सारी जबाबदारी त्यांच्या एकट्या घरावर येऊन पडली, कारण राज्याने ती आपल्या अंगावरून झटकली होती. नायजेलच्या पुस्तकाशेजारी १९४४ च्या कायद्यातील ती दोन कलमेही ठेवून वाचावीत, असे आम्हांस म्हणूनच वाटते.