दुर्बीण : शब्द, साधन आणि निवड

'दुर्बीण' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'दूर' आणि 'बीन' या दोन घटकांचा हा समास असून 'बीन' हा पाहणे या अर्थाच्या 'दीदन' क्रियापदाचा वर्तमानकालीन धातू होय. 'दूर' हे पद संस्कृत व फारसी या भगिनीभाषांना समानच असल्यामुळे मराठी कानास हा शब्द फारसा परका वाटला नसावा. परंतु या नावाने एक गैरसमज दृढ केला आहे. लांबचे जवळ दाखविणे एवढाच दुर्बिणीचा गुण, आणि जी अधिक मोठे दाखवील ती अधिक चांगली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शिकारीकरिता व दूरच्या निरीक्षणाकरिता वापरावयाच्या दुर्बिणीचा इतिहास पाहिला असता हा समज टिकत नाही.

इ. स. १६०८ मध्ये हान्स लिपरहे याने हेग येथे दूरदर्शक नळीच्या एकाधिकारासाठी अर्ज केला, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे साधन करून देण्यास त्यास सांगितले. म्हणजे द्विनेत्री दुर्बिणीची कल्पना मूळ दुर्बिणीइतकीच जुनी आहे. तथापि साध्या भिंगांच्या नळीचे दृष्टिक्षेत्र फार अरुंद असे. ते वाढवावे तर प्रतिमा उलटी होई, आणि ती सुलटी करावी तर नळी लांब होई. ही अडचण इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये लोलकांच्या योजनेने दूर केली. तिला खरे व्यवहार्य रूप मात्र १८९४ मध्ये येना येथील त्साइस कारखान्याने एर्न्स्ट आबे याच्या मार्गदर्शनाखाली दिले. तेव्हापासून शिकाऱ्याच्या गळ्यात अडकविता येईल असे आखूड, रुंद क्षेत्राचे व सुलटी प्रतिमा देणारे साधन उपलब्ध झाले. या सुधारणेत वर्धनापेक्षा क्षेत्र व सुटसुटीतपणा यांचाच विचार प्रधान होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आता निवडीचा प्रश्न. त्याचे उत्तर मराठीतील तीन क्रियापदांत सापडते, असे म्हणावयास हरकत नाही. ती क्रियापदे म्हणजे टेहळणे, हेरणे आणि न्याहाळणे. टेहळणारा साऱ्या प्रदेशावरून नजर फिरवितो. हेरणारा त्यातील वेगळे काही नेमके वेचतो. न्याहाळणारा त्या एकाच वस्तूवर दृष्टी स्थिर करतो. 'न्याहाळणे' हे संस्कृत 'निभालयति' याचे प्राकृतातून आलेले रूप होय, आणि 'हेरणे' याचे 'हेर' या शब्दाशी असलेले नाते उघडच आहे. या तीन क्रियांना दुर्बिणीचे तीन वेगवेगळे गुण लागतात.

महाड तालुक्यातील वीर गावाचा परिसर डोळ्यांपुढे आणला म्हणजे हे स्पष्ट होईल. पूर्वेस सह्याद्रीची रांग आणि तिच्या कुशीत १६७४ मध्ये शिवराज्याभिषेक पाहिलेला रायगड. खाली झाडीने भरलेल्या टेकड्या, ओढे व भातखाचरे. दक्षिणेस सावित्रीचे पात्र. अशा मुलखात प्रथम टेहळणी करावयाची असते, आणि तिला रुंद क्षेत्र हवे. आठपट वर्धनाच्या दुर्बिणीतून एक हजार मीटर अंतरावर साधारणतः १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो; दहापटीत तो ११० मीटरांच्या आसपास येतो.

हेरण्यास प्रकाश हवा. भेकर किंवा सांबर रानाच्या कडेला येते ते बहुधा पहाटे वा तिन्हीसांजेस. पुढील भिंगाचा व्यास वर्धनाने भागला असता डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, तर खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये अवघा २.६ मिलिमीटर असतो. अंधुक प्रकाशात तरुणाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरांपर्यंत विस्फारते, वयाबरोबर हे प्रमाण घटते. म्हणून पन्नाशीच्या निरीक्षकाने ७×५० चे ओझे वाहण्यात विशेष लाभ नाही.

न्याहाळण्यास वर्धन हवे, हे खरे. परंतु त्याहून अधिक स्थैर्य हवे. दहापटीच्या पुढे हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो. रायगडाच्या कड्यावर बसलेला पक्षी दूरवरून ओळखावयाचा तर तिकाटण्यावर बसविलेली एकनेत्री दुर्बीणच योग्य. तीही उन्हाळ्यातील दुपारी निरुपयोगी ठरते. कारण तापलेल्या हवेची थरथर व धुरकटपणा हेही वर्धित होतात. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. तेव्हा नायट्रोजन भरून बंद केलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घेणे ही येथे चैन नव्हे. अन्यथा आतून धुके धरते आणि भिंगांवर बुरशी चढते. चष्मा वापरणाऱ्याने नेत्रभिंगापासून डोळ्याचे अंतर किमान १५ मिलिमीटर राहील असे पाहावे.

ज्या देशांत परवान्याने शिकार चालते, तेथेही बंदुकीवरील दुर्बिणीने रान टेहळू नये असा नियम आहे. कारण नजर जाईल तेथे नळीही रोखली जाते, आणि समोर माणूसही असू शकतो. ओळख आधी, नेम नंतर, हा त्यामागील विचार. आपल्याकडे १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा व १९७२ चा केंद्रीय वन्यजीव अधिनियम यांनी शिकारीवर निर्बंध आणून हा क्रम ओळखीपाशी थांबविण्याची दिशा दिली. अभ्यासाची दिशा त्यापूर्वीच बदलू लागली होती. याच रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या वीणचक्राचा उलगडा केला, तो घरट्यांच्या दीर्घ निरीक्षणातून.

मराठी भाषेने हा बदल एका क्रियापदात साठविला आहे. 'टिपणे' म्हणजे सावज गोळीने अचूक पाडणे. आणि 'टिपणे' म्हणजेच पाहिलेले नोंदवून घेणे. टेहळले, हेरले, न्याहाळले, यानंतर काय टिपावयाचे हे दुर्बीण ठरवीत नाही. ज्याला नोंद टिपावयाची आहे, त्याला घाई नसते. म्हणून त्याने वर्धनाचा आकडा सोडून क्षेत्र, प्रकाश व स्थैर्य यांस प्राधान्य द्यावे. वीरसारख्या परिसरात ८×४२ ची दुर्बीण, आणि सोबत टिपणवही, एवढे साहित्य बहुतेक निरीक्षणांस पुरेसे आहे.