परळ ते दादर: ग्रंथालयांची शोधनियतकालिके

शोधनिबंध वाचकाला शुल्काविना वाचता यावेत, या विचाराला 2002 सालच्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ‘मुक्त प्रवेश’ हे नाव रूढ करून दिले आणि त्यानंतर अनेक विद्यापीठांची ग्रंथालये स्वतःच नियतकालिकांची प्रकाशक झाली. मात्र ग्रंथालय चालवणाऱ्या संस्थांनी संशोधन प्रसिद्ध करण्याची परंपरा मुंबईत त्याहून पुष्कळ जुनी आहे.

1804 साली सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने परळ येथे भरलेल्या सभेत लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या निबंधांचे तीन खंड 1819 ते 1823 या काळात लंडनमध्ये छापले गेले. पुढे 1830 साली ती रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि 1841 पासून शाखेचे स्वतःचे जर्नल निघू लागले. तथापि 1840 साली माणेकजी कर्सेटजी यांना प्रवेश मिळेपर्यंत या संस्थेत एकही भारतीय सभासद नव्हता, म्हणजे ज्यांच्या लेण्यांवर आणि शिलालेखांवर निबंध वाचले जात होते त्यांनाच त्या सभेत स्थान नव्हते. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे अजिंठ्याच्या लेखांवरील संशोधन याच जर्नलमध्ये आले, यावरून त्या बंदीने आधीच्या काळात किती विद्या गमावली असेल, याची कल्पना येते.

मराठीपुरते हे काम 1898 साली स्थापन झालेल्या, आता दादर येथे असलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने केले. त्याच्या मराठी संशोधन मंडळाचे काम 1948 साली सुरू झाले आणि संशोधक अ. का. प्रियोळकर यांच्या नेतृत्वाखाली 1953 पासून ‘मराठी संशोधन पत्रिका’ हे त्रैमासिक निघू लागले. अनेक हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवण्याची पद्धती म्हणजे पाठचिकित्सा. कवी मुक्तेश्वराच्या महाभारतातील आदिपर्वाची तशी आवृत्ती मंडळाने काढली, तसेच प्रियोळकरांचा भारतीय मुद्रणाचा इंग्रजी इतिहासही 1958 साली प्रसिद्ध केला. संग्रह, संपादन आणि प्रकाशन एकाच संस्थेत असल्याने अभ्यासकाला साधनेही तिथेच मिळत आणि निष्कर्ष मांडण्याची जागाही तिथेच मिळे, हे या कार्याचे खरे बळ होते.

त्या काळी विद्वत्संस्था आपले अंक एकमेकींना अदलाबदलीने पाठवीत. त्यातून ग्रंथालये समृद्ध झाली, पण मोठ्या ग्रंथालयापासून दूर राहणाऱ्या शाळामास्तरापर्यंत ते अंक क्वचितच पोचले. आता अंक महाजालावर ठेवता येत असल्याने छपाई आणि टपालाचा खर्च आड येत नाही. तेव्हा मराठी शोधनियतकालिके चालवणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाने जुने सर्व अंक, सूचीसह आणि विनाशुल्क, वाचकांना खुले करावेत.