कासदाह (दगडी): गोठ्यात शोध कसा घ्यावा आणि रोग आटोक्यात कसा ठेवावा

नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या काठी वसलेले कोल्हार आणि आसपासची लोणी, बाभळेश्वर, राहाता, राहुरी ही गावे म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातील दुधाचा पट्टा. कालव्याचे पाणी, ऊस, उसाचे वाढे, घास आणि संकरित होल्स्टिन गायी असे येथील गोठ्याचे चित्र आहे. त्यासोबत अनेक घरी दोन-चार संगमनेरी शेळ्या असतात. या भागात गाय विकण्याच्या कारणांत भाकड राहणे आणि सड जाणे ही दोन कारणे वरचेवर ऐकू येतात. तीन सडांची झालेली गाय बाजारात निम्म्या किमतीलाही कोणी धरत नाही. सड एका दिवसात जात नाही. सूज दिसण्याच्या कितीतरी आधीपासून रोग कासेत असतो आणि तो त्या वेळी सापडला तर सड वाचवता येतो.

रोग दोन रूपांत येतो

दगडी म्हणून पशुपालक ज्याला ओळखतात तो उघड कासदाह. कास सुजते, तापते, हात लावू देत नाही. दुधात गाठी, पाणी किंवा रक्त येते. दुसरा सुप्त कासदाह. यात कास मऊ असते, दूध पांढरेच दिसते, गाय खाते-पिते, फक्त दूध थोडे कमी होते. पशुपालक ते खुराकावर किंवा उन्हावर ढकलतो. कळपात उघड रोगाच्या एका गायीमागे सुप्त रोगाच्या अनेक गायी असू शकतात आणि रोग पसरतो तो मुख्यतः त्यांच्यातून.

नुकसानीचा हिशोब उदाहरणाने पाहू. समजा, १६ लिटरच्या गायीचा एक सड सुप्त बाधित आहे आणि त्यामुळे रोज दीड लिटर दूध कमी मिळते. दर ३० रुपये धरला तर रोजचे ४५ रुपये, २०० दिवसांचे ९,००० रुपये. यात औषधाचा एक रुपयाही धरलेला नाही. शिवाय बाधित कासेत दुग्धशर्करा आणि केसीन कमी तयार होते, त्यामुळे एसएनएफ घसरतो आणि संकलन केंद्रावर दर कापला जातो. एसएनएफ लागत नाही म्हणून खुराक बदलणाऱ्या पशुपालकाने आधी कास तपासावी.

जंतू कोठून येतात

१८८७ मध्ये फ्रान्समध्ये नोकार आणि मोलेरो यांनी गायीच्या कासदाहामागे साखळीच्या आकाराचा जंतू असतो हे दाखवले. त्याला आज स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टी म्हणतात. हा आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हे दोन जंतू प्रामुख्याने बाधित कासेतच राहतात. ते एका गायीकडून दुसरीकडे धार काढताना जातात, म्हणजे हाताने, फडक्याने किंवा यंत्राच्या रबरी लायनरने. दुसरा गट शेण, चिखल आणि ओल्या जमिनीतला आहे. त्यात ई. कोलाय, क्लेबसिएला आणि स्ट्रेप्टोकोकस युबेरिस येतात. ते दोन धारांच्या मधल्या वेळेत आणि व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घुसतात. पहिला गट हाताळणीतून पसरतो आणि दुसरा जागेतून येतो. कोणता गट आहे हे कळल्याशिवाय केलेला खर्च बहुतेक वाया जातो.

घरच्या घरी तपासणी

पहिली तपासणी काळ्या वाटीची. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा गडद रंगाच्या वाटीत घ्याव्यात. गाठी, तंतू, पाणीदारपणा लगेच दिसतो. या धारा जमिनीवर सोडू नयेत आणि हातावर तर कधीच घेऊ नयेत.

सुप्त रोगासाठी सीएमटी चाचणी आहे. ती १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी मांडली आणि आजही गोठ्यातली सर्वात उपयोगी चाचणी तीच आहे. चार कप्प्यांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचे २ ते ३ मिलि दूध घ्यावे, तेवढेच द्रावण घालावे, १०-१५ सेकंद गोल फिरवावे आणि लगेच पाहावे. मिश्रण पातळ राहिले तर सड निरोगी. सरसरीत झाले, चिकट झाले किंवा जेलीसारखा गोळा झाला तर बाधा त्या क्रमाने जास्त. दुधात आलेल्या पांढऱ्या पेशी द्रावणातील साबणासारख्या घटकाने फुटतात आणि त्यांच्यातील डीएनए घट्ट होतो, म्हणून जेली दिसते. निरोगी गायीच्या एका मिलि दुधात या पेशी साधारण दोन लाखांच्या आत असतात.

द्रावण मिळाले नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून समभाग दुधात मिसळले तरी काम भागते. निकाल दिसायला पाऊण मिनिट लागते आणि तो सीएमटीइतका स्पष्ट नसतो. व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि आटत आलेल्या गायीत पेशी नैसर्गिकरीत्याच वाढतात. अशा गायीत चारही कप्पे सारखे चिकट आले तर घाबरू नये. एकच कप्पा वेगळा आला तर मात्र त्या सडाकडे लक्ष द्यावे.

वहीतून कळणारा शोध

महिन्यातून एकदा चाचणी करून वहीत लिहावे: गायीचा बिल्ला क्रमांक, कितवे वेत, व्यायल्याची तारीख, चारही सडांचा निकाल, धार कोणी काढली. तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की प्रयोगशाळेत जाण्यापूर्वीच बरेच कळते.

जास्त वेतांच्या गायींत बाधित सड महिन्यागणिक वाढत असतील आणि ठराविक गायीनंतर ज्यांची धार निघते त्यांतच ते निघत असतील, तर रोग हाताने पसरतो आहे. पावसाळ्यात, ताज्या व्यालेल्या गायींत, मागच्या सडांत जास्त प्रकरणे असतील तर जागा ओली आहे. पहिलारू कालवडी व्यातानाच बाधित निघत असतील तर माश्या किंवा वासरांची एकमेकांचे सड चोखण्याची सवय पाहावी. फक्त एका माणसाच्या पाळीत रोग वाढत असेल तर त्याची धार काढण्याची रीत बघावी. अंगठा मुडपून काढलेल्या धारेने सडाच्या आतील अस्तर दुखावते. पूर्ण मुठीने धार काढायला शिकवणे हे औषधापेक्षा स्वस्त आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. एखाद्या उपायाचा परिणाम मोजताना बाधित सडांची एकूण संख्या न धरता, मागच्या महिन्यात निरोगी असलेले किती सड या महिन्यात नव्याने बाधित झाले ते मोजावे. जुना रोग डिपने बरा होत नाही, डिप नवा रोग अडवते. शिवाय मे महिन्याची तुलना ऑगस्टशी करू नये, ती मागच्या ऑगस्टशी करावी.

प्रयोगशाळेत नमुना

तिसऱ्यांदा तोच सड सुजत असेल किंवा महिन्यात दोन-तीन गायी बसल्या असतील तर दुधाची जंतू व प्रतिजैविक संवेदनशीलता तपासणी करावी. नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी घ्यावा, नंतर घेतलेला नमुना बहुतेक रिकामा येतो. कास कोरडी करावी, पहिल्या धारा टाकाव्यात, सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. पुसताना आधी पलीकडचे सड, मग जवळचे. नमुना घेताना उलट, आधी जवळचे आणि मग पलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला हात लागत नाही. निर्जंतुक बाटली तिरपी धरून ५ मिलि दूध घ्यावे, बर्फावर ठेवून २४ तासांत पोहोचवावे. पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत जिल्ह्याच्या किंवा पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो.

रोग अडवण्याची कामे

इंग्लंडमधील रीडिंगच्या दुग्ध संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात कळपांवर काम करून पाच गोष्टी ठरवल्या: धारेनंतर सड बुडवणे, आटवताना सर्व सडांत औषध, उघड रोगावर लगेच उपचार, यंत्राची देखभाल आणि जुनाट रोगी गाय कळपातून काढणे. आजही पाया तोच आहे.

धार संपल्यावर सडाचे छिद्र अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ उघडे राहते. म्हणून सड लगेच ०.५ टक्के आयोडीनच्या ग्लिसरीनयुक्त द्रावणात बुडवावा. अनेक पशुपालक तीन भाग पोव्हिडोन आयोडीन आणि एक भाग ग्लिसरीन मिसळून वापरतात. फवारणीत सडाची एक बाजू कोरडी राहते, त्यामुळे कप बरा. यानंतर गायीपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती उभी राहील.

कास धुण्यासाठी पोटॅशियम परमँगनेटची एकच बादली आणि एकच फडके साऱ्या गोठ्यात फिरवण्याची पद्धत बंद करावी. तिसऱ्या गायीनंतर ते पाणी जंतूंचे असते. कास स्वच्छ असेल तर धुऊच नये. सड धुऊन प्रत्येक गायीला वेगळ्या कापडाने किंवा कागदाने कोरडे करावेत. धारेचा क्रम पहिलारू, मग निरोगी गायी, मग सुप्त बाधित, शेवटी उघड रोगी असा ठेवावा.

यंत्र असेल तर निर्वात दाब ४२ ते ५० किलोपास्कलच्या दरम्यान ठेवावा आणि दूध थांबल्यावर कप लगेच काढावेत. रबरी लायनर साधारण २,५०० धारांनंतर बदलावेत. एका क्लस्टरवर १० गायी दोन वेळ निघत असतील तर ही मुदत चार महिन्यांत येते. फाटले नाहीत म्हणून दोन वर्षे वापरलेले लायनर आपल्याकडे सर्रास दिसतात.

मुक्त संचार गोठा कासेला चांगला, पण पावसाळ्यात नाही सांभाळला तर तोच चिखलाचा हौद होतो. पाण्याच्या हौदाभोवती आणि गव्हाणीजवळ मुरूम टाकावा, बसण्याची जागा उंच व कोरडी ठेवावी. दुग्धज्वर झालेल्या गायीत सडाचे छिद्र नीट मिटत नाही, त्यामुळे व्याण्याच्या सुमारास कॅल्शियमकडे लक्ष हवे. उसाच्या वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. वाढ्यावरच जगणाऱ्या गायींना खनिज मिश्रण रोज द्यावे. त्यात सेलेनियम आणि सोबत जीवनसत्त्व ई असावे.

व्याण्याच्या ४५ ते ६० दिवस आधी गाय आटवावी. खुराक कमी करून धार एकदम बंद करावी. शेवटच्या धारेनंतर चारही सडांत पशुवैद्यकांनी दिलेली दीर्घकाळ टिकणारी ट्यूब सोडावी आणि सड बुडवावेत. दूध चालू असताना न हटणारा जुना संसर्ग निघण्याची ही सर्वात चांगली संधी असते.

उपचार

ताप असेल, गायीने चारा सोडला असेल, दूध पाण्यासारखे येत असेल तर तास मोजावेत. ई. कोलायची अशी गाय एका दिवसात आडवी होते. १९६२ या क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या दवाखान्यातून पशुवैद्यक बोलवावेत. तोवर सड वारंवार रिकामा करावा.

ट्यूब सोडताना सडाचे टोक स्पिरिटने पुसावे आणि नळीचे टोक थोडेच, तीन-चार मिलिमीटर आत घालावे. पूर्ण नळी आत खुपसल्याने जंतू आत ढकलले जातात. दोन ट्यूबनंतर दूध साफ दिसले म्हणून उपचार सोडू नये. ॲगॅलॅक्टीवर पेनिसिलिन चांगले लागू पडते. ऑरियस मात्र कासेत गाठी करून लपतो, जुन्या गायीत तो क्वचितच पूर्ण जातो. अशा गायीवर चौथा कोर्स करण्यापेक्षा तो सड आटवणे किंवा गाय कमी करणे परवडते. औषधावर लिहिलेल्या मुदतीपर्यंतचे दूध संकलनाला घालू नये, वासरालाही देऊ नये.

सौम्य रोगात कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून केलेला लेप धार काढून धुतलेल्या कासेवर दिवसातून आठ-दहा वेळा पाच दिवस लावण्याची पद्धत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रचारात आणली आहे. खर्च कमी आणि दुधात अंश नाही, म्हणून ती करून पाहण्यासारखी आहे. ताप असलेल्या गायीत मात्र लेपावर विसंबून दिवस घालवू नये.

शेळ्यांमध्ये वेगळे काय

शेळीच्या दुधात निरोगी असतानाही पेशी आणि पेशींचे तुकडे जास्त असतात. त्यामुळे गायीचे प्रमाण लावून सीएमटी वाचली तर निरोगी शेळीही रोगी ठरते. किंचित चिकटपणा सोडून द्यावा. दोन सडांच्या निकालात फरक असेल तर संशय धरावा. शेळीत पहिली खूण बहुधा करडूच देते. एकाच सडाला पिणारे, सतत ओरडणारे करडू किंवा पाजू न देणारी शेळी दिसली की कास चाचपावी.

कास थंड पडून निळी-काळी होणे हा सडका कासदाह. तो बहुधा ऑरियसमुळे, व्यायल्यानंतर लवकर होतो. शेळी एक-दोन दिवसांत मरू शकते, वाचली तरी तो भाग गळून पडतो. अशी कास शेकू नये, लगेच पशुवैद्यक गाठावेत. करडे वेगळी करून दुसऱ्या शेळीच्या उकळलेल्या दुधावर वाढवावीत.

बाजारातून गाय आणताना

लोणीच्या बाजारात भरलेली कास पाहून सौदा होतो. कास मोठी दिसावी म्हणून धार तुंबवलेली असते आणि त्यात गाठ लपते. सौदा ठरण्यापूर्वी चारही सडांची धार काढून घ्यावी, रिकामी कास तळहाताने चाचपावी आणि पॅडल खिशात असेल तर तेथेच सीएमटी करावी. विकणारा धार काढू देत नसेल तर ती गाय सोडावी. आणलेली गाय पहिले दोन आठवडे सर्वात शेवटी पिळावी आणि या काळात दोनदा तपासावी.