नांगराची निशाणी ते ‘मला मान्य आहे’

१२ मे १८७५ रोजी सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या व कर्जरोखे मागितले. हाती आलेले कागद जाळण्यात आले. सुपे आज बारामती तालुक्यात असले, तरी तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंडचा मुलूखही त्याच भीमथडीत मोडे. शेजारच्या शिरूर तालुक्यात, करडे गावी, सावकारांवरील बहिष्कार १८७४च्या अखेरीसच सुरू झाला होता.

इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. नावावरून वाटते तसा हा उठाव माणसांवर नव्हता. ज्या सावकाराने कागद निमूटपणे काढून दिले, त्याला बहुधा पुढे कोणी हात लावला नाही. राग कागदावर होता.

तो का होता, हे रोख्याच्या तळाशी दिसे. निरक्षर कुणबी तिथे सहीऐवजी नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे आणि नीट वाचून दाखवणारेही कोणी नसे. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने अशा रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले, ते ऋणकोच्या रक्षणासाठी. सावकारांनी त्याचा उलटाच उपयोग केला: मुदत संपताना नवा रोखा, थकलेले व्याज मुद्दलात मिळवलेले, आणि खाली पुन्हा तोच नांगर.

न वाचलेल्या मजकुराखाली संमती देण्याची ही रीत त्याच मुलखात आज संगणकाच्या पडद्यावर चालू आहे. यंत्र मंदावले की ‘मोफत व्हायरस स्कॅन’ शोधले जाते, लांबलचक परवाना करार उघडतो आणि ‘मला मान्य आहे’ या शब्दांवर क्लिक होते. तुलना ताणू नये; परवान्याने कोणाची जमीन जात नाही. तरी काही जातेच.

परवाना आणि घातकी प्रोग्रॅम यांचे नाते जुने आहे. डिसेंबर १९८९ मध्ये ‘पीसी सायबॉर्ग कॉर्पोरेशन’ या नावाने सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठवल्या गेल्या. वरवर ती एड्सविषयी माहिती होती. सोबतच्या पत्रकात बारीक अक्षरांत परवाना छापलेला होता आणि पैसे न भरल्यास संगणकावर परिणाम होईल, असा इशाराही त्यातच होता. यंत्र सुमारे ९० वेळा सुरू झाले की फायलींची नावे कुलूपबंद होत आणि पनामातील टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी पडद्यावर येई. खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हा पहिला नमुना मानला जातो. त्याने सावजाला आधी करार दिला होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

रक्षकांचेही करार वाचण्यासारखे असतात. २००४ मध्ये स्पेनमधील मालागा येथे सुरू झालेली आणि २०१२ मध्ये गूगलने घेतलेली ‘व्हायरसटोटल’ ही सेवा एकच फाईल अनेक स्कॅनरांकडून तपासून देते. चढवलेली फाईल सुरक्षा क्षेत्रातील इतरांना दिली जाते, हे तिच्या अटींतच आहे. म्हणजे तिथे टाकलेला सातबारा किंवा आधारची प्रत खाजगी राहत नाही. ‘अव्हास्ट’ या अँटिव्हायरस कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगचा तपशील ‘जंपशॉट’ या उपकंपनीमार्फत विकल्याचे २०२०च्या जानेवारीत उघड झाले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलरची वसुली लावली. शिवाय अनेक मोफत परवाने केवळ घरगुती वापरापुरतेच असतात. शिरूरच्या कृषी सेवा केंद्रातील बिलांच्या संगणकावर असे सॉफ्टवेअर बसवले, की करारभंग पहिल्याच दिवशी होतो.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याचा रोखा ग्राम-निबंधकासमोर व्हावा, आणि निशाणी घेण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवावा, असे त्यात ठरले. भारताच्या २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात याचा दूरचा नातेवाईक सापडतो: संमतीची विनंती साध्या भाषेत हवी आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय हवा. मात्र हा नियम वैयक्तिक माहितीच्या संमतीपुरता आहे. घरगुती वापराची मर्यादा, नुकसानीची जबाबदारी नाकारणारे कलम, वाद कोणत्या देशाच्या न्यायालयात चालेल ती अट, हे सारे त्याच्या बाहेर राहते.