तांबेऱ्यावरचा उतारा

गव्हाच्या खोडावर बोट फिरवलं आणि विटकरी भुकटी लागली, की समजावं तांबेरा आला. ती भुकटी म्हणजे पक्सिनिया ग्रामिनिस या बुरशीचे बीजाणू, वाऱ्यावर शेकडो मैल जाणारे. प्राचीन रोममध्ये दर 25 एप्रिलला तांबेऱ्याच्या देवतेला कुत्रं बळी देत. आता त्यावर जनुकांचा उतारा निघाला आहे, आणि या उताऱ्याच्या वंशावळीत आपला खपली गहूही आहे.

1905 साली केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी दाखवून दिलं, की पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण मेंडेलच्या नियमाने पुढच्या पिढीत उतरतो. मग पैदासकार अशी खमकी वाणं धुंडाळू लागले. सिडनीच्या वॉटरहाउस यांनी हिंदुस्थानातल्या खपलीचा स्टीनवेडेल गव्हाशी संकर करून 'खॅपस्टीन' काढला. अमेरिकेत मॅकफॅडन यांनी खपलीच्याच जातकुळीतला यारोस्लाव एमर घेऊन 'होप' निपजवला. खपलीतलं एसआर 13 हे जनुक नेमकं कोणतं, ते कळायला मात्र 2017 उजाडलं. विशेष म्हणजे उष्ण हवेत ते अधिक जोमाने काम करतं.

पण असली बरीच जनुकं थोड्याच वर्षांत निकामी व्हायची. त्याचं कारण नॉर्थ डकोटात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करणाऱ्या हॅरल्ड फ्लोर यांनी 1940 च्या दशकात उलगडलं. पिकातलं एक जनुक म्हणजे एक पहारेकरी. तो बुरशीची एकच खूण ओळखतो. ओळख पटली की गव्हाची पेशी आपणहून मरते, आणि जिवंत पेशीवरच पोसणारी बुरशी उपाशी राहते. बुरशीने ती खूण बदलली की पहारा असून नसल्यासारखा.

राय या धान्याकडून आलेल्या एसआर 31 चं तेच झालं. त्याच्या भरवशावर जगभर गहू उभा होता. 1998-99 मध्ये युगांडात तांबेऱ्याचा युजी 99 हा नवा प्रकार सापडला आणि तो भरवसा संपला.

एकट्या पहारेकऱ्याऐवजी टोळी ठेवायची ही कल्पना जुनीच. पण पाच जनुकं निव्वळ संकरातून एका वाणात आणायची आणि पुढच्या पिढ्यांत विखरू द्यायची नाहीत, हे महाकठीण. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह पाच जनुकं एकाच तुकड्यात जोडून 'फील्डर' गव्हात घातली. ती एकाच जागी बसली आणि एकत्रच वारशाने जाऊ लागली. ती आली तीही गव्हातून आणि त्याच्या गोतावळ्यातून: एक रानगवतातलं, एक रायमधलं.

या रायच्या जनुकापाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. रायमधूनच आधी एसआर 31 आलं तेव्हा तिच्या गुणसूत्राची अख्खी भुजाच गव्हात आली, आणि तिच्यासोबत कणीक चिकट करणारे गुणही. बेकरीवाल्यांनी कुरकुर केली, परवानगी मात्र कुणी मागितली नाही. नव्या पद्धतीत रायमधलं हवं तेवढंच जनुक उचलता येतं, तरी तो गहू 'जीएम' ठरतो आणि नियमांच्या चौकटीत अडकतो. त्यात धोका असेल तर माझ्या मते तो वेगळाच आहे: या पाचांतलं एखादं जनुक दुसऱ्या कुणी सुटं वापरलं, तर बुरशीला एकेका पहारेकऱ्याला चुकवण्याचा सराव आयताच मिळेल.