पवित्र भूमीच्या यात्रेपूर्वीचें वाचन

ठाण्यास टेंभी नाक्यानजीक ज्यू लोकांचें एक प्रार्थनामंदिर आहे. तें १८७९ सालीं उभें राहिलें. त्याचें हिब्रू नांव ‘शआर हशामाईम’, म्हणजे स्वर्गाचें द्वार. हें नांव बायबलांतील उत्पत्तीच्या पुस्तकांतून आलें आहे. घर सोडून निघालेला याकोब वाटेंत धोंडा उशास घेऊन उघड्यावर निजला; आकाशास टेकलेली शिडी त्यानें स्वप्नांत पाहिली, आणि जागा होतांच ‘हेंच स्वर्गाचें द्वार’ असें त्यास वाटलें. ती जागा म्हणजे बेथेल. ज्या बेने इस्रायल कुटुंबांनीं ठाण्यांत हें मंदिर वापरलें, त्यांपैकीं फारच थोड्यांनीं तोंवर पॅलेस्टाइनची भूमि पाहिली असेल. परंतु वाचनानें ती त्यांच्या परिचयाची झालेली होती.

बायबलच्या देशांत जाऊं इच्छिणाऱ्या मराठी माणसानें आधीं काय वाचावें, या प्रश्नाचें उत्तर या लहानशा समाजाच्या इतिहासांतच सांपडतें. त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांच्या पूर्वजांचें जहाज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. पुढें कोंकणांतील खेड्यांतून त्यांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. गांवांवरून दिवेकर, राजपुरकर, किहिमकर अशीं आडनांवें पडलीं. मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. शब्बाथ, सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना टिकून राहिली, पण हिब्रू ग्रंथ दूर राहिले. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आणि १८५४ सालीं कल्याणास पोंचली. लष्करांत, कचेऱ्यांत व रेल्वेंत नोकरी करणारे बेने इस्रायल खेडीं सोडून शहरांत आले, आणि त्यांचें वाचन वाढलें.

या वाचनाचीं साधनें मात्र रेल्वेच्या आधींच तयार होऊं लागलीं होतीं. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें. १८४६ सालीं मुंबईंत, आणि १८७४ सालीं पुण्यांत, वल्हांडण सणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह निघाली. मिसरच्या दास्यांतून सुटून निघालेल्या लोकांची ही कथा. पुण्याच्या प्रतींतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया मराठी वेषांत बसलेल्या आहेत. त्या रात्रीच्या शेवटीं पुढील वर्षीं यरुशलेमांत असण्याची इच्छा बोलून दाखवितात. प्रवासास निघण्यापूर्वीं वाचावयाचें पहिलें पुस्तक हेंच होय. कारण त्या भूमीची ओढ कशी असते, हें त्यांत कळतें.

दुसरें पुस्तक विल्सनसाहेबांचेंच. १८४३ सालीं ते मुंबई सोडून स्वदेशीं निघाले, तेव्हां धनजीभाई नवरोजी या पारशी ख्रिस्ती तरुणासह मिसर, सिनाई, पॅलेस्टाइन व सीरिया या मार्गानें गेले. त्या प्रवासाचें वर्णन १८४७ सालीं इंग्रजींत दोन खंडांत प्रसिद्ध झालें. युरोपांतील प्रवासी लंडन अथवा पॅरिसच्या मापानें तो देश मोजीत. विल्सन यांच्यापाशीं कोंकण आणि मुंबई यांचें माप होतें. याच ग्रंथांत मुंबईच्या बेने इस्रायलांचीहि हकीकत त्यांनीं दिली. त्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें ध्यानांत ठेवूनच तो ग्रंथ वाचावा.

तिसरें वाचन भूगोलाचें. कलकत्त्यास जन्मलेले जॉर्ज अॅडम स्मिथ यांचा पवित्र भूमीच्या ऐतिहासिक भूगोलावरील ग्रंथ १८९४ सालीं निघाला. जमिनीचा चढउतार व पाऊस समजल्यावांचून तेथील इतिहास कळत नाहीं, हें त्यावरून पटतें. यरुशलेमहून यरीहोस उतरणारी वाट ठाणें-कल्याण अंतराहून थोडीच अधिक आहे. पण तेवढ्यांत ती सुमारें एक हजार मीटर खालीं जाते आणि समुद्रसपाटीच्याहि खालीं पोंचते. कोंकणांतील पाऊस जूनमध्यें येतो. तेथें उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस हिंवाळ्यांत पडतो. बायबलांतील ‘आगोटीचा’ व ‘वळवाचा’ पाऊस ठाण्याच्या वाचकानें आपल्या आषाढाशीं जुळविला, तर त्याचा सारा हिशेब चुकेल. हें एकदां कळलें कीं मराठी बायबलांतील १२० ते १३४ हीं पंधरा स्तोत्रें, जीं यरुशलेमास चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचीं मानलीं जातात, निराळ्याच अर्थानें वाचलीं जातात. डोंगराकडे पाहणारा माणूस खरोखरच चढ चढत असतो.

चौथें पुस्तक हाइम सॅम्युएल किहिमकर यांचा बेने इस्रायलांचा इतिहास. तो १८९७ सालीं लिहून झाला, परंतु छापला गेला १९३७ सालीं, आणि तोहि तेल अवीव येथें. लेखकाआधीं लेखकाच्या समाजाची ओळख त्या देशांत जावी, असा हा योग होता. तरीहि ती ओळख पुरेशी ठरली नाहीं. १९४८ नंतर हजारों मराठी ज्यू इस्रायलांत गेले. कांहींना वर्णभेदाचा अनुभव आला, आणि १९५२ सालीं कांहीं कुटुंबें परत आलीं. १९६२ सालीं तेथील धर्मपीठानें विवाहापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा निर्देश दिला. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या शनिवारीं घाणा थांबविला, त्यांनाच आपलें ज्यूपण सिद्ध करण्यास सांगितलें गेलें. बेने इस्रायलांनीं निकरानें आंदोलन केलें, आणि १९६४ सालीं इस्रायलच्या संसदेनें ते सर्व अर्थांनीं ज्यू असल्याचें जाहीर केलें.

यात्रेकरूनें शिकावें तें येथें आहे. पुस्तकांत वाचलेली भूमि आणि पायांखालची भूमि या दोहोंत अंतर असतें, व तें अंतर तेथें आज राहणाऱ्या माणसांनीं भरलेलें असतें. अमेरिकन संशोधक एडवर्ड रॉबिन्सन यांनीं १८३८ सालच्या प्रवासांत बेथेलची जागा बेतीन या गांवीं ओळखली. तें आज पॅलेस्टिनी लोकांचें गांव आहे, आणि त्यांचाहि इतिहास आहे. तेव्हां हग्गादा, विल्सन, स्मिथ व किहिमकर वाचून झाल्यावर, त्या देशांतील आजच्या ज्यू व अरब लेखकांचें एकेक पुस्तक तरी सामानांत असावें. जुन्या ग्रंथांनीं वाट दाखवावी. वाटेंत भेटणारीं माणसें ओळखण्यास नवीं पुस्तकेंच उपयोगीं पडतील.