थांबण्याची मुभा : संगमनेरचा तमाशा आणि कलावंतांचे आरोग्य

१/
अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्याने मराठी तमाशाला तीन मोठी माणसे दिली: पेशवाईतील शाहीर अनंत फंदी, हिवरगावची पवळा आणि अलीकडच्या काळातील कांताबाई सातारकर. तिघांच्या कलेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गळा बसला, पाय सुजले किंवा मन खचले, तर या कलावंतांना थांबता येत होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत धागा त्या प्रश्नाचा आहे.

२/
कलावंताच्या आजाराचा विचार तसा जुना आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने इ.स. १७०० मध्ये व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला. खाणकामगार, कुंभार, रंगारी यांच्यासोबत त्याने गायकांनाही त्यात स्थान दिले. मात्र कलावंतांच्या आरोग्याची स्वतंत्र वैद्यकशाखा पाश्चात्त्य देशांत आकाराला आली ती १९८० च्या दशकात. त्या विषयाला वाहिलेले अमेरिकेतील नियतकालिक १९८६ मध्ये निघाले. अनंत फंदी आणि पवळा यांची आयुष्ये त्याच्या कितीतरी आधी संपली होती.

३/
प्रथम या व्यवसायाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, हा ढोलकीफडाच्या तमाशाचा ठरलेला क्रम. जुन्या काळी रात्री उभा राहिलेला खेळ पहाटेपर्यंत चाले. ध्वनिक्षेपक खेड्यापाड्यांत पोहोचण्यापूर्वी गायकाचा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत निव्वळ छातीच्या बळावर जावा लागे. त्यामुळे तमाशाची गायकी चढ्या पट्टीची झाली. मागे उभे राहणारे सुरत्ये मुख्य गायकाची ओळ उचलून तिचा शेवट उंच स्वरात लांबवतात. त्या काही क्षणांतच मुख्य गायकाला श्वास घेण्याची उसंत मिळते.

४/
या गायकीचे शारीरिक मोल मोठे आहे. साधे बोलताना स्त्रीच्या स्वरतंतूंची सेकंदाला सुमारे दोनशे वेळा उघडझाप होते. चढ्या स्वरात गाताना हा आकडा पाचशेच्या पुढे जातो. त्यात जत्रेच्या मैदानातील धूळ, जुन्या काळच्या पलित्यांचा धूर आणि अपुरी झोप यांची भर पडली, की तंतूंवर सूज येते. सूज असताना गात राहिले तर गाठी धरतात. गाठींवरचा पहिला उपचार म्हणजे आवाजाला विश्रांती. आणि फडात दुर्मीळ असलेली वस्तू नेमकी तीच होती.

५/
गळ्याखेरीज इतर अवयवही झिजत. पायांत काही किलो वजनाचे चाळ बांधून, उंचसखल जमिनीवर किंवा फळ्यांच्या रंगमंचावर रात्रभर नाचणाऱ्या स्त्रीचे घोटे, गुडघे आणि कंबर यांच्यावर पडणारा ताण वेगळा सांगायला नको. ढोलकीवाल्याची बोटे आणि मनगटे, हलगीवाल्याचा तळहात, कडे वाजवणाऱ्याचा खांदा यांनाही सुट्टी नव्हती. पुढे ध्वनिक्षेपक आले, गळ्याचा भार थोडा हलका झाला, आणि कर्ण्यांशेजारी रात्र काढणाऱ्या कानांवर नवा भार आला.

६/
खेळ संपल्यावर विश्रांती मिळे असेही नाही. तंबूच्या फडाचा हंगाम साधारणपणे दसऱ्याला सुरू होतो. गुढीपाडव्यापासून गावोगावच्या जत्रा लागतात आणि बुद्ध पौर्णिमेपर्यंत कामाला खंड नसतो. एका गावचा खेळ उरकला की कनाती आणि पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या, त्याच ट्रकमध्ये बसल्या जागी झोपायचे, पुढच्या गावी उतरून पुन्हा तंबू ठोकायचा. पूर्वी हाच प्रवास बैलगाडीने होई. जेवणाची वेळ आणि झोपेची जागा रोज निराळी असे; आजारपणासाठी मात्र त्या वेळापत्रकात जागाच नव्हती.

७/
कलावंत तरीही थांबत का नसे? याचे एक उत्तर ‘उचल’ या शब्दात आहे. पावसाळ्यात काम नसते, घर मात्र चालवायचे असते. अशा वेळी फडमालकाकडून आगाऊ रक्कम घेतली जाते आणि कलावंत पुढच्या हंगामासाठी त्या फडाशी बांधला जातो. हंगाम अर्ध्यावर सोडायचा तर उचल परत करावी लागते. ती तर चुलीत आणि औषधात केव्हाच संपलेली असते. फडमालकही मोकळा नसतो. त्याने सावकाराचे कर्ज काढलेले असते आणि गावकऱ्यांची सुपारी घेतलेली असते. अशा रीतीने एका माणसाचा ताप हा साऱ्या फडाच्या हिशेबाचा प्रश्न होऊन बसे.

८/
आता पुन्हा संगमनेरकडे वळू. अनंत फंदी (१७४४–१८१९) हे संगमनेरचे, घोलप घराण्यातील ब्राह्मण. लावण्या, पोवाडे आणि फटके रचून त्यांनी उत्तर पेशवाईत नाव मिळवले. पुढे अहिल्याबाई होळकरांनी समज दिल्यावर त्यांनी तमाशा सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले, अशी परंपरागत हकीकत आहे. आज ज्यांच्या नावाने जिल्हा ओळखला जातो, त्याच या अहिल्याबाई. हकीकतीचे तात्पर्य सहसा नैतिक सांगितले जाते. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर तिचा आणखी एक अर्थ दिसतो: फंदींना तमाशाच्या बाहेर जाण्यासाठी दुसरे दार उघडे होते. तेथे गळा तोच होता, परंतु मान अधिक होता.

९/
शतकभरानंतर याच तालुक्यातील हिवरगावची पवळा रंगमंचावर आली. तमाशात त्याआधी स्त्रीची भूमिका ‘नाच्या’ पोरगा करी. तमाशाच्या रंगमंचावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळेचे नाव घेतले जाते. तिची जोडी जमली ती पठ्ठे बापूरावांशी. बापूराव (१८६६–१९४५) म्हणजे रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णा कुलकर्णी. ते घरदार आणि जात यांचा पाश तोडून फडात आले. पवळा मात्र तत्कालीन समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या महार जातीतील होती. बापूरावांचे येणे समाजाने बंड म्हणून नोंदवले. पवळेच्या येण्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी निराळी होती.

१०/
ही असमानता किती खोल होती, ते एका प्रसिद्ध प्रसंगावरून कळते. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या सुमारास बापूरावांनी आपल्या खेळाचे उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केले आणि महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला तो पैसा बाबासाहेबांनी नाकारला, असे सांगितले जाते. चळवळीच्या दृष्टीने ती भूमिका स्वाभिमानाची होती. परंतु त्या पैशामागे जिचे पाय झिजले होते, त्या पवळेला काय वाटले असेल, याची नोंद कोणी ठेवली नाही. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पवळेचे अखेरचे दिवस उपेक्षेत गेले. बापूरावही पुण्यात विपन्नावस्थेतच निवर्तले. फडाला निवृत्तीची कल्पनाच ठाऊक नव्हती.

११/
संगमनेरहून पुण्याच्या वाटेवर, जिल्ह्याची सीमा ओलांडली की काही अंतरावर नारायणगाव लागते. फडांच्या राहुट्या जेथे पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात, ती ही ‘तमाशा पंढरी’. येथील विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची एक हकीकत सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या खेळाला उभ्या राहिल्या. मध्येच कळा आल्या तेव्हा त्या आत गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. गाभा तोच राहतो.

१२/
ही हकीकत नेहमी कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. निष्ठा होतीच. परंतु नऊ महिन्यांची गर्भवती त्या रात्री बोहल्यासारख्या प्रकाशात नाचत का होती, हेही विचारले पाहिजे. खेळ बंद पडला तर बिथरलेला प्रेक्षक, बुडालेली सुपारी आणि फडावर जगणारी माणसे हे सारे तिच्या डोळ्यांपुढे असणार. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला. तरीही शेवटच्या आजारपणातील रुग्णालयाचे देणे दात्यांच्या मदतीने भागवावे लागले. पदके मिळाली होती. पथ्यपाण्याची तरतूद नव्हती.

१३/
मनावरचा भार याहून अदृश्य असतो. ज्या गावात रात्री शिट्ट्या आणि दौलतजादा, त्याच गावात सकाळी पाणी भरायला गेल्यावर कुत्सित नजरा. मूल आजोळी किंवा वसतिगृहात ठेवायचे आणि शाळेत आईचा व्यवसाय सांगताना त्याची जीभ अडखळते हे जाणून असायचे. घरी मृत्यू झाला तरी रात्री गौळणीत हसायचे. सोंगाड्याचे दुःख तर दुप्पट, कारण त्याला स्वतः हसून भागत नाही, हजारो माणसांना हसवावे लागते. या साऱ्याला फडाच्या भाषेत आजाराचे नाव नव्हते. थकव्यावर उतारा म्हणून अनेकांच्या हाती दारू आली आणि मग लोकांनी दारूलाच तमाशाचे व्यंग ठरवले.

१४/
थांबता आले तर काय घडू शकते, याचे उदाहरण मराठी माणसांना चांगले परिचित आहे, फक्त ते वेगळ्या संगीतविश्वातील आहे. १९४७ च्या सुमारास कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले. ते देवासला गेले आणि काही वर्षे त्यांचे गाणे पूर्ण बंद राहिले. पत्नी भानुमती यांनी शिक्षिकेची नोकरी करून घर सांभाळले, सुहृद पाठीशी उभे राहिले आणि स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध मिळाले. अंथरुणावरच्या त्या काळात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली आणि परतलेले गाणे नवे होते. दुखणे जीवघेणेच होते. पण थांबण्याची मुभा देणारे घर, नोकरी आणि माणसे भोवती होती. फडातील स्त्रीला क्षय झाला असता, तर यांतले काय तिच्या वाट्याला आले असते?

१५/
तिसरे नाव कांताबाई सातारकरांचे. १९३९ मध्ये गुजरातेत, दगडखाणीवर राबणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. साताऱ्यात वाढलेली ही मुलगी लहान वयातच रंगमंचावर आली आणि पुढे तुकाराम खेडकरांच्या फडात नावारूपाला आली. १९६४ मध्ये खेडकर निवर्तले तेव्हा कांताबाईंच्या पदरी लहान मुले होती. शोकाला अवधी देणारी व्यवस्था या व्यवसायात नाही. त्यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला, संगमनेर हे घर केले आणि छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणारी स्त्री म्हणून महाराष्ट्रभर कीर्ती मिळवली. पुढची पिढीही त्याच फडात उभी राहिली. राज्य शासनाने विठाबाईंच्या नावे सुरू केलेला जीवनगौरव पुरस्कार त्यांना लाभला.

१६/
मग एक हंगाम असा आला, की सर्वांनाच थांबावे लागले. २०२० मध्ये देशभरातील टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, हाच गुढीपाडवा होता. म्हणजे जत्रांच्या हंगामाचा पहिलाच दिवस. सुपाऱ्या रद्द झाल्या. पुढच्या वर्षीही जत्रा भरल्या नाहीत. गळ्याला आणि पायांना सक्तीची उसंत मिळाली, परंतु डोक्यावर उचल आणि कर्ज तसेच होते. अशा रिकामपणाला विश्रांती म्हणता येत नाही. त्याच महामारीत, २५ मे २०२१ रोजी, कांताबाईंचे संगमनेर येथे कोरोनाने निधन झाले. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या.

१७/
फंदींपासून कांताबाईंपर्यंतच्या या अडीचशे वर्षांत तमाशाची वाद्ये, वाहने आणि वग बदलले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली, तसा खेळही आखूड झाला. न बदललेली गोष्ट एकच: आजारी कलावंताने खेळ केला तर तिचे कौतुक होते आणि तिने विश्रांती मागितली तर हिशेब मागितला जातो. विठाबाईंची हकीकत यापुढेही सांगितली जाईल आणि सांगितली जावी. फक्त ती सांगताना त्या रात्री तिला घरी राहता आले असते काय, हा प्रश्नही सोबत सांगितला जावा.